हबसाण आणि बाहिया

१

भारतीय साहित्यांच्या तौलनिक अभ्यासात आफ्रिकेचा विचार आजवर बहुधा परकीय साहित्याच्या सदराखालीच होत आला आहे. चिनुआ अचेबे, वोले शोयिंका किंवा नेग्रित्यूदची चळवळ यांची ओळख विद्यापीठांतून करून दिली जाते. मराठी दलित साहित्य आणि अमेरिकेतील कृष्णवर्णीयांचे साहित्य यांची तुलना तर मराठी समीक्षेत चांगलीच रुळली आहे. १९७२ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या दलित पँथरने आपले नावच अमेरिकेतील ब्लॅक पँथरवरून घेतले होते. परंतु जी आफ्रिका समुद्र ओलांडून शतकांपूर्वीच दख्खनमध्ये आणि कोकणात येऊन राहिली, जिने येथे राज्ये चालवली, चाकरी केली, आणि हळूहळू येथल्याच भाषा आपल्या म्हणून बोलायला सुरुवात केली, तिच्याकडे या अभ्यासाचे लक्ष क्वचितच गेले. दूरच्या आफ्रिकेशी नाते जोडणाऱ्या साहित्यविचाराला घरातली आफ्रिका दिसू नये, ही विसंगती तपासून पाहण्यासारखी आहे.

त्यासाठी ब्राझीलमधील साल्वादोर या नगराचे उदाहरण उपयोगी पडते. बाहिया प्रांताचे हे मुख्य नगर १५४९ मध्ये तोमे द सोझा याने वसवले आणि १७६३ पर्यंत ते पोर्तुगीज ब्राझीलची राजधानी होते. मराठी वाचकाला ते वाटते तितके दूरचे नाही. गोव्याच्या वाटेवरील पोर्तुगीज जहाजे अनेकदा साल्वादोरच्या बंदरात थांबत. वास्को फेर्नांदिस सेझर द मेनेझिस हा अधिकारी १७१२ ते १७१७ या काळात गोव्यात व्हाइसरॉय होता आणि पुढे १७२० ते १७३५ या काळात बाहियात त्याच पदावर होता. कोकणच्या डोंगरउतारांवरील काजूचे झाड मूळचे ब्राझीलचे. त्याचे नावही तेथील तुपी भाषेतून पोर्तुगिजांच्या मार्फत मराठीत आले. ‘अननस’ हा शब्द त्याच वाटेने आला. एकाच साम्राज्याच्या गलबतांनी ही झाडे पूर्वेकडे आणली आणि आफ्रिकेतील माणसे पूर्व-पश्चिम दोन्ही किनाऱ्यांवर उतरवली. तेव्हा या दोन किनाऱ्यांवरील आफ्रिकेच्या वारशाचे पुढे काय झाले, हा प्रश्न कृत्रिम ठरत नाही.

२

सुमारे तीन शतकांच्या काळात ४० लाखांहून अधिक आफ्रिकी माणसे गुलाम म्हणून ब्राझीलच्या किनाऱ्यावर उतरवली गेली. अमेरिका खंडातील दुसऱ्या कोणत्याही देशात एवढी माणसे आणली गेली नाहीत. बाहियाचे वैभव ऊस आणि तंबाखू यांच्या मळ्यांवर उभे राहिले व ते मळे या माणसांच्या श्रमावर चालले. नगराच्या ज्या जुन्या भागाला आज जगभरचे प्रवासी भेट देतात त्याचे ‘पेलोरिन्यो’ हे नाव गुलामांना फटके मारण्याच्या खांबावरून पडले आहे. १८३५ च्या जानेवारीत येथील मुसलमान आफ्रिकींनी उठाव केला. पकडलेल्यांजवळ अरबी लिपीतील कागद सापडले, तेव्हा मालकांपैकी कित्येक निरक्षर असताना गुलाम मात्र साक्षर असल्याचे उघड झाले. १३ मे १८८८ रोजी ब्राझीलमध्ये गुलामगिरी कायद्याने संपली. अमेरिका खंडात ती सर्वांत शेवटी येथेच संपली.

या लोकांनी बरोबर ग्रंथ आणले नव्हते. त्यांचा वारसा उपासनेत, ढोलाच्या तालात, स्वयंपाकात आणि अंगाच्या हालचालीत राहिला. योरुबा देवता कॅथलिक संतांच्या आडोशाने पुजल्या गेल्या व त्यातून कॅन्दोम्ब्ले हा उपासनापंथ आकाराला आला. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातही त्याच्या उपासनास्थानांवर पोलिसांच्या धाडी पडत. १९८४ मध्ये त्यांपैकी ‘कासा ब्रांका’ या जुन्या स्थानाला राष्ट्रीय वारसा म्हणून संरक्षण मिळाले. या दोन टोकांमधील अंतर तोडण्यात साहित्याचा वाटा मोठा होता. जोर्जे आमादो याने १९३५ मध्ये ‘जुबियाबा’ या कादंबरीत एका कृष्णवर्णीय तरुणाला नायक केले. पुढे लोकप्रतिनिधी या नात्याने १९४६ च्या राज्यघटनेत उपासनास्वातंत्र्याची तरतूद घालून घेण्यात पुढाकार घेतला. १९६९ मधील त्याच्या ‘तेंदा दोस मिलाग्रेस’ या कादंबरीचा नायक पेद्रो आर्कान्जो हा स्वतःच्या बळावर शिकलेला, आफ्रिकी वारशाच्या नोंदी करणारा माणूस आहे. हयातीत त्याची उपेक्षा होते. मृत्यूनंतर एक अमेरिकन विद्वान त्याची स्तुती करतो आणि लगेच वृत्तपत्रे व जाहिरात कंपन्या त्याची जन्मशताब्दी साजरी करण्यास धावतात. वारशाच्या बाजाराचे हे चित्र आमादोने बाजार भरात येण्यापूर्वीच रेखाटून ठेवले होते.

बाजार नंतर भरला. १९८५ मध्ये साल्वादोरचा जुना भाग युनेस्कोच्या जागतिक वारसायादीत गेला. १९९२ नंतर तेथील पडक्या इमारती दुरुस्त करून रंगवण्यात आल्या आणि त्यांत राहणाऱ्या अनेक गरीब, बहुतांशी कृष्णवर्णीय कुटुंबांना तुटपुंजी भरपाई देऊन हलवण्यात आले. ज्यांच्या नावाने नगर ओळखले जाते तेच त्याच्या मध्यभागातून दूर गेले. म्हणजे बाहियाचा धडा दुहेरी आहे. ग्रंथ नसलेल्या लोकांचा वारसा साहित्य आपलासा करू शकते, हा त्याचा पहिला भाग. आणि वारसा प्रेक्षणीय झाला म्हणजे वारसदारांना न्याय मिळालाच असे होत नाही, हा दुसरा.

एक गोष्ट भारतीय अभ्यासकाने विशेष ध्यानात घ्यावी. गांधीजींच्या हत्येनंतर वर्षभराने, १९४९ मध्ये, साल्वादोरच्या गोदी कामगारांनी आनंदोत्सवासाठी एक मेळा काढला आणि त्याचे नाव ‘गांधींचे पुत्र’ असे ठेवले. पांढरी वस्त्रे आणि पांढरे फेटे घालून हा मेळा आजही आफ्रिकी तालावर निघतो. बाहियातील आफ्रिकींच्या वंशजांना स्वतःच्या प्रतिष्ठेसाठी भारत आठवला. भारतातील आफ्रिकींच्या वंशजांसाठी भारतीय साहित्याला काय आठवते, हा प्रश्न येथून सुरू होतो.

३

बाहियाचे माप जसेच्या तसे कोकणाला लावता मात्र येत नाही. अटलांटिकवरील गुलामगिरी मळ्यांची होती. हिंदी महासागरातील गुलामगिरीचा मोठा भाग लष्करी आणि दरबारी होता, आणि तीत गुलामाला सरदार होण्याची वाट खुली असे. ‘हबश’ म्हणजे ॲबिसिनिया. तेथून आलेला तो ‘हबशी’. ‘सिद्दी’ हा शब्द अरबीतील ‘सय्यिदी’, म्हणजे ‘माझे धनी’, यावरून आला असे सामान्यतः मानले जाते. एकाच समाजाच्या दोन नावांपैकी एक मूळ देश सांगते आणि दुसरे सत्ता सांगते, ही गोष्ट पुरेशी बोलकी आहे.

राजपुरीच्या खाडीच्या मुखाशी असलेल्या बेटावर राम पाटील या कोळी नायकाचा मेढेकोट होता. पंधराव्या शतकाच्या अखेरीस निजामशाहीच्या पिरमखानाने तो व्यापाऱ्याच्या मिषाने, युक्तीने घेतला, अशी परंपरागत कथा आहे. ‘जझीरा’ म्हणजे बेट. त्याचे मराठीत ‘जंजिरा’ झाले आणि सिद्दींच्या मुलखाला ‘हबसाण’ हे नाव पडले. या सत्तेची गादी सुरुवातीच्या काळात बापाकडून मुलाकडे जात नसे. सरदारांतील कर्तबगार माणूस प्रमुख होई. शिवाजी महाराजांनी जंजिऱ्यावर वारंवार मोहिमा काढल्या आणि त्याला शह देण्यासाठी जवळच पद्मदुर्ग उभारला. संभाजी महाराजांनी १६८२ मध्ये समुद्रात भराव घालून बेटापर्यंत वाट करण्याचा प्रयत्न केला. तरी किल्ला हाती आला नाही. १६८९-९० मध्ये सिद्दी याकूतखानाने इंग्रजांच्या मुंबईलाच वेढा दिला होता. जंजिऱ्याचे संस्थान १९४८ मध्ये विलीन झाले.

अशा सत्तेचा मराठी मनावर वैरी म्हणूनच ठसा उमटला, यात आश्चर्य नाही. आणि त्या वैराला कारणे होती. किनाऱ्यावरील गावांतून माणसे धरून नेल्याचे उल्लेख मराठी साधनांत आहेत. १७२७ मध्ये सिद्दी सात याने चिपळूणजवळील परशुरामाचे देवस्थान उद्ध्वस्त केले. ब्रह्मेंद्रस्वामींनी त्याचा पाठपुरावा पेशव्यांकडे केला आणि १७३६ मध्ये चिमाजी आप्पांशी झालेल्या लढाईत सिद्दी सात मारला गेला. गुलामगिरीतून वर आलेले हे लोक दुसऱ्यांना गुलाम करणारेही होते. बाहियाच्या सहानुभूतीचा रंग जंजिऱ्याला फासला तर हा इतिहास खोटा होईल.

परंतु वैराची ही नोंद पुरी मानली तर तीही तितकीच खोटी ठरेल. मुरूड, म्हसळे आणि श्रीवर्धन हा हबसाणचा मुलूख. तेथील बहुतेक प्रजा मराठी बोलणारी. ज्या भट घराण्यातून पुढे पेशवे निघाले ते श्रीवर्धनचे, सिद्दीच्या अंमलाखालील देशमुख होते. बाळाजी विश्वनाथांनी सिद्दीच्या जाचामुळे गाव सोडले असे सांगतात. पण जाच होण्यापूर्वी कित्येक वर्षांचा कारभार होता, त्याचे स्मरण कोणी करत नाही. सभासदाने आपल्या बखरीत सिद्दीला घरातल्या उंदराची उपमा दिली आहे. उपमा तुच्छतेची खरी. तथापि उंदीर घरातला आहे हे तिनेच मान्य केले आहे. पुढील ऐतिहासिक कादंबरीने आणि नाटकाने यातली तुच्छता तेवढी उचलली आणि घर सोडून दिले. मराठी ललित साहित्यात हबशी बहुधा पहारेकरी, मारेकरी किंवा कपटी किल्लेदार या ठरीव पात्रांपुरताच उरला.

४

या चित्राला एक अपवाद केला जातो तो मलिक अंबरचा. सुमारे १५४८ मध्ये इथिओपियात जन्मलेला, बालपणीच विकला गेलेला, बगदादमार्गे अहमदनगरला पोहोचलेला हा माणूस निजामशाहीचा पेशवा झाला. पुढे मराठी राज्यात थोर ठरलेले हे पद त्याच्याआधी त्याचा धनी चंगेझखान यानेही भूषविले होते, आणि तोही मूळचा हबशी गुलाम होता. मालोजी आणि शहाजी भोसले मलिक अंबरच्या काळात निजामशाहीच्या चाकरीत होते. १६२४ च्या भातवडीच्या लढाईत शहाजीराजे त्याच्या बाजूने लढले व त्यांचे बंधू शरीफजी त्या रणात पडले. १६१० मध्ये त्याने वसवलेले खडकी हे गाव म्हणजे नंतरचे औरंगाबाद आणि आजचे छत्रपती संभाजीनगर. तेथील नहरीचे पाणी ही त्याची योजना. त्याची जमीनमहसुलाची पद्धत मराठी कागदपत्रांत ‘मलिकंबरी’ या नावाने दीर्घकाळ टिकली. शिवाजी महाराजांच्या आश्रयाने रचल्या गेलेल्या ‘शिवभारता’त कवींद्र परमानंदाने त्याच्या पराक्रमाचा गौरव केला आहे. १६२६ मध्ये तो मरण पावला. त्याची कबर खुलदाबादेस आहे.

मात्र अपवाद केल्याने नियम मोडत नाही, तो पक्का होतो. मलिक अंबर थोर ठरतो तो एकटा. तो ज्या समाजातून आला तो समाज त्याच्या थोरवीत सहभागी होत नाही. मराठी स्मृतीत अशा रीतीने दोनच आफ्रिकी राहतात, एक थोर पुरुष आणि एक वैरी. तिसरा, म्हणजे शेतावर राबणारा, जंगल तोडणारा, येथल्या भाषेत ओवी आणि कहाणी सांगणारा साधा सिद्दी, या स्मृतीत कोठेच नाही.

तो अस्तित्वात मात्र आहे. उत्तर कन्नड जिल्ह्यातील हल्याळ, यल्लापूर, अंकोला, जोयडा, मुंडगोड या तालुक्यांत सिद्दींची वस्ती आहे. गोव्यातील पोर्तुगीज घरांतून पळालेले गुलाम रानाच्या आश्रयाने येथे वसले, असे त्यांच्या इतिहासाचे सर्वसाधारण निवेदन आहे. मोझांबिकचा कारभार १७५२ पर्यंत गोव्यातूनच चालत असे, हे लक्षात घेतले म्हणजे ही माणसे कोठून आली असतील याचा अंदाज येतो. त्यांच्यात हिंदू, मुसलमान आणि ख्रिस्ती असे तिन्ही धर्म आहेत. घरची भाषा कोकणीचे एक वेगळे रूप, ज्यात मराठी आणि कन्नड मिसळली आहे. त्यांचा दमाम हा ढोल आणि स्त्रियांनी जुन्या कापडांचे तुकडे जोडून शिवलेली ‘कवंद’ नावाची गोधडी यांना आता थोडी प्रसिद्धी मिळू लागली आहे. २००३ मध्ये या जिल्ह्यातील सिद्दींना अनुसूचित जमातीचा दर्जा मिळाला आणि २०२० मध्ये शांताराम सिद्दी हे कर्नाटक विधान परिषदेवर गेले.

गुजरातेत जांबूर आणि रतनपूर येथील सिद्दी गुजराती बोलतात, बावा गोर या पीराला मानतात. त्यांच्या भक्तिनृत्याला ‘धमाल’ किंवा ‘गोमा’ म्हणतात. स्वाहिलीत आणि तिच्या भगिनीभाषांत ‘ङोमा’ म्हणजे ढोल आणि नाच. त्यांचे ‘मलुंगा’ हे वाद्य म्हणजे धनुष्याला तार आणि भोपळा लावून केलेले साधन. बाहियातील कापोएरा हा लढाऊ नाच ज्या ‘बेरिम्बाउ’च्या तालावर चालतो ते वाद्यही असेच, भोपळा लावलेले धनुष्य आहे. दोन महासागरांच्या दोन टोकांना, एकमेकांची वार्ता नसलेल्या माणसांच्या हाती, आफ्रिकेतील एकाच कुळातले वाद्य टिकले. तौलनिक अभ्यासाला याहून बोलके प्रमाण कोणते हवे?

तरीही हा अभ्यास झाला नाही याचे कारण केवळ अनास्था हे नाही. ते विद्यापीठीय रचनेत आहे. भारतीय साहित्यांचे विभाग भाषावार आहेत आणि सिद्दींचे वाङ्मय कोणत्याच एका भाषेच्या खात्यात मावत नाही. हल्याळच्या सिद्दीचे गीत मराठी विभागाला कोकणी वाटते. १९७५ मध्ये साहित्य अकादमीची आणि १९९२ मध्ये आठव्या परिशिष्टाची मान्यता मिळवलेली कोकणी आपल्या प्रमाणरूपाच्या काळजीत त्याला बोली म्हणून बाजूला ठेवते. कन्नडच्या दृष्टीने ते आपल्या भाषेबाहेरचे. जांबूरचे गीत गुजरातीत लोकसंगीत म्हणून जाते. हैदराबादेत निजामाच्या आफ्रिकी घोडदळाचे नाव ‘ए. सी. गार्ड्स’ या वस्तीच्या रूपाने उरले, पण तेथील सिद्दींच्या कहाण्या उर्दूच्या इतिहासात आल्या नाहीत. जंजिऱ्याच्या नवाबाचेच दोन मुलूख, मुरूडचा आणि जाफराबादचा, १९६० पासून दोन राज्यांत आहेत, आणि त्यांचे अभ्यासकही दोन खात्यांत. शासनाची दृष्टीही यापेक्षा फार व्यापक नव्हती. १९८७ मध्ये भारतीय क्रीडा प्राधिकरणाने सिद्दी मुलांना धावपटू म्हणून घडवण्याची योजना काढली आणि काही वर्षांतच गुंडाळली. त्या योजनेला त्यांचे पाय दिसले. त्यांची भाषा कोणत्याच योजनेला दिसली नाही.

५

या मांडणीवर दोन आक्षेप संभवतात. पहिला असा की, सिद्दींची संख्या थोडी आणि लिखित वाङ्मय जवळजवळ नाही. तेव्हा एवढा खटाटोप कशासाठी? याचे उत्तर असे की साहित्याच्या इतिहासात संख्येपेक्षा संबंधाला महत्त्व असते. बखरींतील हबशी कसा रचला गेला हे कळल्याशिवाय मराठीने स्वतःची प्रतिमा कशी रचली हेही पुरते कळणार नाही. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. सिद्दी स्वतःला आपल्या गावाचे, आपल्या पीराचे, आपल्या चर्चचे मानतात. त्यांच्यावर ‘आफ्रिकी’ ही ओळख बाहेरून लादणे हेही एक प्रदर्शनच नव्हे काय? हा धोका खरा आहे आणि बाहियाने तो दाखवून दिला आहे. म्हणूनच ओळख ठरवण्याचा अधिकार ज्यांचा वारसा आहे त्यांच्याकडे राहिला पाहिजे. अभ्यासकाचे काम त्यांना बोलायला जागा करून देण्याचे आहे.

आज मुरूडला जाणारा प्रवासी राजपुरीहून शिडाच्या होडीने जंजिऱ्यात जातो. कलालबांगडी तोफ, गोड्या पाण्याची तळी, हत्तींना पंजांत धरलेल्या शार्दूलाचे शिल्प आणि किल्ला कधीच कोणाला जिंकता आला नाही ही कथा, एवढे घेऊन तो परततो. जवळच्या खोकरी गावातील सिद्दी सरदारांच्या दगडी कबरींकडे थोडेच वळतात. किल्ला बांधणारी माणसे कोण होती, त्यांचे पुढे काय झाले, ती कोणती भाषा बोलत होती, हे प्रश्न होडीत बसताना किंवा उतरताना कोणी विचारत नाही. २०२५ मध्ये मराठ्यांचे बारा किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारसायादीत गेले; त्यांत खांदेरी आहे. तिच्या शेजारचे, १६८० मध्ये सिद्दीने तटबंदी केलेले उंदेरी नाही. यादी मराठा लष्करी भूप्रदेशाची असल्याने हे तिच्या नियमांना धरूनच आहे. पण मराठी माणूस ‘खांदेरी-उंदेरी’ असे एका दमात म्हणतो. एका बेटाचा इतिहास दुसऱ्यावाचून सांगता येत नाही, हे भाषेला ठाऊक आहे.

आता करण्याजोगे काम निश्चित आहे आणि ते विद्यापीठांच्या आवाक्यातले आहे. मराठी बखरी व पत्रव्यवहार, फार्सी तवारिखा, संस्कृत ‘शिवभारत’ आणि पोर्तुगीज दप्तर यांतील हबशांच्या उल्लेखांचा एकत्रित, चिकित्सक संग्रह सिद्ध व्हावा, डी. आर. बनाजी यांनी १९३२ मध्ये मुंबई आणि सिद्दी यांच्यावर जे काम केले त्याला साहित्याच्या अंगाने पुढे नेणारे काम मराठीत व्हावे. हल्याळ, जांबूर आणि हैदराबाद येथील मौखिक वाङ्मयाचे संकलन मराठी, कोकणी, कन्नड, गुजराती व उर्दू या विभागांनी एकत्र येऊन करावे. त्यात संकलक म्हणून त्या समाजातील शिकलेल्या तरुण-तरुणींची नेमणूक व्हावी आणि संकलित गीतांवर त्यांच्या समाजाचा हक्क लेखी मान्य व्हावा. वृद्ध गायिकांपैकी एकेक जण जात आहे आणि पुढची पिढी शाळेची भाषा घरी बोलू लागली आहे. म्हणून या कामाला सवडीची वाट पाहणे परवडणारे नाही. भारतीय साहित्य अनेक भाषांत लिहिले गेले तरी एक आहे, असे गौरवाने म्हटले जाते. एका भाषेत न मावणाऱ्या या लहानशा समाजाच्या शब्दांना त्यात जागा मिळते की नाही, यावर त्या म्हणण्याचा खरेपणा ठरेल.